वंशावरून चिडवाचिडवी: मॉरिशसच्या शाळांत काय उपयोगी पडतं

मॉरिशसमध्ये हिंदू, मुस्लिम, क्रेओल (मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज), चिनी, तमीळ, तेलुगू, मराठी अशी सगळी मुलं एका वर्गात बसतात आणि बहुतेक दिवस गुण्यागोविंदाने जातात. बिनसतं तेव्हा काय करायचं, हे ज्यांना रोज निस्तरावं लागतं त्यांनी लिहावं. आपबिती नको, शाळेचं नाव नको. दुसऱ्याला उद्या वापरता येईल असं लिहा.

मराठी शिक्षिका, प्राथमिक

आधी वेळापत्रक बघा. दिवसभर एकत्र असलेला वर्ग भाषेच्या तासाला फुटतो: हिंदी, उर्दू, तमीळ, तेलुगू, मराठी, मँडरिन, अरबी. क्रेओल भाषा (फ्रेंचवरून आलेली इथली रोजची बोली) 2012 मध्ये पहिलीपासून ऐच्छिक विषय म्हणून आली. त्याआधी क्रेओल मुलांना या तासाला आपलं म्हणावं असं काही नव्हतं. कोण कुठल्या खोलीत जातं ते पाच-सहा वर्षांच्या पोराला बरोबर कळतं, आणि चिडवायला तेवढं पुरतं.

मराठीची मुलं थोडी, ती दोन-तीन तुकड्यांतून गोळा करावी लागतात. बोलाचाली होते ती व्हरांड्यात. म्हणून मुलांना एकेकटं सोडू नये. भाषेच्या शिक्षकाने दारातून न्यावं, तास दोन मिनिटं आधी संपवून परत पोचवावं, आणि तेव्हा वर्गशिक्षक दारात हवेत. तेच नेमके स्टाफरूममध्ये असतात, तिथे घोडं अडतं.

समाजशास्त्र शिक्षक

वरच्या मुद्द्याला पुरवणी. प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेच्या क्रमवारीत या भाषांचे गुण धरायचे की नाहीत, यावरून 1995 मध्ये संसद बरखास्त होऊन निवडणूक लागली होती. तेव्हा हा तास म्हणजे किरकोळ सोय, असं समजू नका.

समुपदेशक, माध्यमिक

'माझ्या मुलाला त्रास देतात' एवढ्या तक्रारीवर रेक्टर (माध्यमिकचे मुख्याध्यापक) काही करू शकत नाहीत. नोंदीत सहा गोष्टी हव्यात: तारीख आणि वेळ, जागा, नेमके शब्द, कोण कोण हजर होतं, याआधी किती वेळा, आणि शाळेने त्यावर काय केलं. शब्द क्रेओलमध्ये जसेच्या तसे लिहा. 'मलबार' (हिंदूंना), 'लास्कार' (मुस्लिमांना), 'मझांबिक' (क्रेओलांना) हे हिणवणारे शब्द अहवालात इंग्रजी होताना 'अपशब्द वापरला' इतके गुळमुळीत होतात आणि वंशाचा मुद्दाच गळून पडतो. व्हॉट्सॲपवरचं असेल तर तारीख आणि नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट आधी घ्या, गटातून बाहेर पडणं नंतर.

दुसरी अडचण अशी की शिक्षकाला दिसतो तो दुसरा फटका. आठवडाभर ऐकून घेतलेला मुलगा शेवटी हात उचलतो आणि शिक्षा त्यालाच होते. दोघांशी वेगवेगळं बोला, तेही त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत, कारण दोघं एकाच बसने जाणार असतात. समोरासमोर उभं करून 'सॉरी म्हण' हा प्रकार पूर्ण टाळा. त्रास सोसणाऱ्याला त्यात पुन्हा त्याच्यासमोर उभं राहावं लागतं, आणि माफीची नक्कल मधल्या सुट्टीत होतेच. बाक बदलायचा तर चिडवणाऱ्याचा. तीन दिवसांनी आणि मग दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा. पहिल्या वेळी मूल बहुधा 'सगळं ठीक' म्हणतं.

प्रार्थनेच्या वेळी समाजाचं नाव घेऊन उपदेश केलात, तर त्या समाजाची तीस मुलं दिवसभर मान खाली घालून बसतात.

पालक, वाक्वा

डबा. मुस्लिम मुलाच्या पावाला डुकराच्या मांसाचं सॉसेज लावणं, हिंदू मुलाच्या डब्यात गोमांस टाकणं, याला शाळा 'मस्करी' म्हणते. तसं म्हणू देऊ नका. तो डबा मुलाला परत देऊ नये, दुसरं खाणं द्यावं, आणि नोंद करताना 'मस्करी' हा शब्द लिहू देऊ नये.

तक्रारीची पायरी: वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक (माध्यमिकला रेक्टर), मग शिक्षण खात्याचं झोन कार्यालय. प्रत्येक पायरीला लेखी, पोच घेऊन. त्यापुढे ऑम्बुड्सपर्सन फॉर चिल्ड्रेन, म्हणजे मुलांच्या हक्कांच्या तक्रारी बघणारा अधिकारी. हे पद 2003 च्या कायद्याने आलं. मुलाला मारहाण झाली असेल तर पायऱ्या मोजत बसू नका, चाइल्ड डेव्हलपमेंट युनिटचा (सरकारचा बालसंरक्षण विभाग) 113 फिरवा.

आणि जेवताना आपण शेजाऱ्यांबद्दल काय बोलतो, ते पोरं ऐकतात. निवडणुकीच्या महिन्यात जास्तच.

उपमुख्याध्यापिका

सांस्कृतिक दिनाबद्दल माझं मत वाईट आहे. हिंदू मुलीला साडी, चिनी मुलाला लाल सदरा, क्रेओल मुलीला सेगा नाचाचा घागरा, आणि ज्याची आई तमीळ नि वडील क्रेओल त्याला 'तू कशात?' हा प्रश्न माइकवरून. असा दिवस ठेवायचाच असेल तर कामं गटाला द्या, पोशाख मुलांवर सोडा. 1 फेब्रुवारी (गुलामगिरी निर्मूलन) आणि 2 नोव्हेंबर (गिरमिटियांचं, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांचं आगमन) हे दोन दिवस सलग एका पाठात शिकवा. ला मोर्नचा डोंगर (पळालेल्या गुलामांचा आसरा) आणि आप्रवासी घाट (गिरमिटिया उतरले ती जागा) एकाच नकाशावर ठेवा. एक आमचा आणि एक त्यांचा, अशी वाटणी मग होत नाही.

सहावीचे शिक्षक

जिगसॉ पद्धत नीट केली तर चालते. तीस मुलं, पाच-पाचांचे सहा गट, प्रत्येक गट मिश्र आणि यादी शिक्षकाने केलेली. पाठाचे पाच तुकडे, प्रत्येकाला एक. एकच तुकडा मिळालेली सहा जणं दहा मिनिटं एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपल्या गटात परत येऊन प्रत्येकी चार मिनिटांत शिकवतात. शेवटी चाचणी, गुण ज्याचे त्याला. दुसऱ्याचा तुकडा ऐकल्याशिवाय पेपर सुटत नाही, एवढीच यातली गोम.

फसतं कुठे? ज्याचं फ्रेंच कच्चं त्याच्यावर सगळे हसतात. बोलणं क्रेओलमध्ये होऊ द्या, लिहिणं इंग्रजीत. दहा मिनिटांच्या बैठकीला फाटा दिला की कच्चं मूल तोंडघशी पडतं आणि पद्धतीवर खापर फुटतं. गट किमान सहा आठवडे बदलू नका. आठवड्यात दोनदा पुरे.

पालक, रोझ हिल

बस राहिली. विद्यार्थ्यांचा प्रवास 2005 पासून मोफत आहे, त्यामुळे वेगवेगळ्या शाळांची पोरं एकाच गाडीत कोंबलेली असतात. गणवेशावरून शाळा कळते, रंगावरून बाकीचं ठरवलं जातं. मागच्या बाकांवर कंडक्टर फिरकत नाही. लहानांना पुढच्या दाराजवळ बसायला सांगा, गाडीचा नंबर आणि वेळ त्याच दिवशी टिपून ठेवा, आणि दोन्ही शाळांना एकच पत्र पाठवा. वेगळी पत्रं गेली की 'शाळेबाहेरचं आमच्याकडे नको' असं उत्तर दोन्हीकडून येतं.