हिवाळी फळांचे सॅलड : तुमच्याकडे कोणते फळ आधी चिरतात?

आज संत्रे सोलताना सालीचे तुषार उडाले आणि आत्याची आठवण झाली. ती फळे चिरायला बसली की कोणते फळ केव्हा चिरायचे हे तीच ठरवणार आणि कोणी मध्ये लुडबुड करायची नाही, असा दंडक असे. आधी संत्री, तीही भांड्यावरच धरून, म्हणजे गळणारा रस तळाशी जमेल. मग सफरचंद आणि नासपतीच्या फोडी थेट त्या रसात. त्यानंतर डाळिंबाचे दाणे, आणि केळे अगदी वाढण्याच्या क्षणी. मला तो तेव्हा निव्वळ हेकटपणा वाटे. पुढे कळले, की सफरचंद चिरताना पेशी फुटतात, आतल्या द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी आणि फळातीलच विकरांशी (एन्झाइम्सशी) संबंध येऊन फोडी तपकिरी पडतात, आणि संत्र्यातील आम्ल व क जीवनसत्त्व ही क्रिया लांबवतात. लिंबू अधिक प्रभावी असले, तरी जरा जास्त पडले की बाकीच्या फळांची चव झाकून टाकते. तुमचे अनुभव अवश्य लिहा.

*

डाळिंब पाण्यात सोलावे. मोठ्या भांड्यात पाणी घेऊन त्यात फळ बुडवून फोडले, की दाणे तळाशी बसतात, पांढरे पापुद्रे वर तरंगतात आणि भिंतीवर लाल नक्षी उमटत नाही. आमच्या घरातील शांतता या एका युक्तीवर टिकून आहे. मात्र दाणे नीट निथळल्याशिवाय सॅलडमध्ये घालू नयेत.

*

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. किवी घालणाऱ्यांसाठी एक सूचना : किवीमध्ये प्रथिने तोडणारे विकर असते, त्यामुळे दह्यात किवी मिसळून ठेवली की काही वेळाने दही कडवट आणि पातळ होते. ताज्या अननसाचेही तेच. डबाबंद अननसाच्या बाबतीत हा त्रास होत नाही, कारण प्रक्रियेतील उष्णतेने विकर निष्प्रभ झालेले असते. आमच्याकडे दही वेगळ्या वाटीत ठेवतात आणि ज्याचे त्याने घ्यावे.

*

विषय थोडा बाजूला जातो, पण ग्रेपफ्रूट घालणार असाल तर घरातील कोणी कोलेस्टेरॉलची किंवा रक्तदाबाची गोळी घेते का, हे आधी विचारावे. यांपैकी काही औषधांचे रक्तातील प्रमाण या फळामुळे वाढते. माझ्या सासऱ्यांना डॉक्टरांनी ते वर्ज्य सांगितल्यापासून आम्ही संत्र्यावरच भागवतो, आणि खरे सांगायचे तर त्यांना ते कडू फळ कधी आवडलेच नव्हते, त्यामुळे ते आता डॉक्टरांचे फार कौतुक करतात.

*

साखर कधी घालावी? आमच्याकडे तासाभरात तळाशी पाणीच पाणी होते.

*

साखर असो वा मीठ, फोडींतील पाणी बाहेर ओढणारच, म्हणून ती वाढतानाच भुरभुरावी. माझ्या मते फळे पिकलेली असतील तर साखर लागतच नाही. अडचण नासपतीची असते, कारण ती आतून बाहेर पिकते. बाहेरून मऊ लागेपर्यंत थांबलात तर गाभा पिठूळ झालेला असतो. देठाजवळ अंगठ्याने हलके दाबून पाहावे आणि तेथे किंचित दबली की लगेच चिरावी. शिवाय सॅलड फ्रिजमधून काढल्या काढल्या चाखून गोडी ठरवू नये, कारण गारठ्यात गोडी कमी जाणवते.

*

पर्सिमॉनबद्दल, म्हणजे टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या नारिंगी फळाबद्दल, कोणीच लिहिले नाही! चपटी जात कडक असतानाही खाता येते, परंतु टोकदार जात पूर्ण लिबलिबीत होण्याआधी चिरली, तर टॅनिन या तुरट द्रव्यामुळे जीभ अशी आखडते की बाकीच्या फळांची चवच कळत नाही.

*

लहान मुले जेवायला असतील तर द्राक्षे उभी चिरून घालावीत. अख्खे द्राक्ष घशात अडकण्याचा धोका असतो. आमच्याकडे हे काम आजोबांकडे आहे आणि ते चिरण्यापेक्षा चाखण्यातच अधिक रमतात, म्हणून द्राक्षे नेहमी थोडी जास्तच आणावी लागतात.