१ मे यंदा हॉलबाहेर करूया का?

प्रेषक: उप्साला

नमस्कार मंडळी,

महाराष्ट्र दिनासाठी हॉल कुठला ठरवायचा, अशी विचारणा आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने केली आहे. आम्हा दोघांना वाटतं की यंदा हॉल घेऊच नये. १ मेला इथे स्वीडनमध्येही सार्वजनिक सुट्टी असते आणि आदल्या संध्याकाळी बहुतेक देश वाल्बोरीची शेकोटी पेटवायला बाहेर पडलेला असतो. आपला दिवस नेमका त्यांच्या वसंताच्या सणाला लागून येतो आणि आपण मात्र पडदे ओढून, प्रोजेक्टर लावून आत बसतो. मला हे बरीच वर्षं खटकतं आहे.

इथला वसंत बघायला घराबाहेरच पडावं लागतं. स्वीडनच्या हवामान खात्याच्या लेखी दिवसाचं सरासरी तापमान सलग सात दिवस ० ते १० अंशांच्या दरम्यान राहिलं की वसंत लागला. म्हणजे आपण स्वेटर-टोपी घालून कुडकुडत असतो तेव्हा तो कधीच येऊन बसलेला असतो. ऊन तापायची वाट बघत राहिलो तर तो हातचा जातो. आम्ही दोघं मार्चच्या शेवटापासून दर शनिवार-रविवारी थर्मास घेऊन होगादालेन दरीच्या बाजूला फिरतो. झाडांना पालवी नसते, पण वाळलेल्या पाचोळ्यातून ब्लोसिप्पाची निळी फुलं वर आलेली असतात. झाडांची सावली पडायच्या आत त्यांना सगळं उरकून घ्यायचं असतं: फुलायचं, बी धरायचं. पुढे ते बी मुंग्या वाहून नेतात. त्याला मुंग्यांना आवडणारा एक तेलकट कण चिकटलेला असतो. मुंग्या तो खातात, बी टाकून देतात आणि ते पडेल तिथे रुजतं. (ही फुलं खोदून घरी आणू नका. काही परगण्यांत तोडायलाही बंदी आहे. पांढऱ्या व्हीतसिप्पाचा लहानसा गुच्छ करायला हरकत नाही.)

पण मला खरं सांगायचंय ते गामला उप्सालाच्या शेकोटीबद्दल. शहराच्या उत्तरेला चार-पाच किलोमीटरवर सहाव्या शतकातल्या राजांच्या समाध्या म्हणून ओळखले जाणारे तीन मोठे मातीचे ढिगारे आहेत. ३० एप्रिलला सूर्य साडेआठ वाजून गेल्यावर मावळतो आणि त्यानंतर तिथे फांद्यांचा मोठा ढीग पेटवतात. गायकवृंद वसंताची गाणी म्हणतो, कुणीतरी वसंताचं स्वागत करणारं भाषण करतं आणि लोक गप्पा मारत उभे असतात. पहिल्यांदा तिथे उभे राहिलो तेव्हा ह्यांनी नकळत तोंडावर उलटा हात नेला होता. होळीपुढे बोंब मारायची आपली सवय! आणि ते काही फार चुकीचं नव्हतं. पूर्वी १ मेच्या सुमाराला इथले शेतकरी गुरं रानात सोडत. त्याआधी लांडगे-अस्वलं आणि लोकसमजुतीतल्या चेटकिणी दूर पळाव्यात म्हणून आग पेटवून मोठमोठ्याने आवाज करत. आता त्यातला आवाज गेला आणि गाणी राहिली.

माझा प्रस्ताव असा: ३० एप्रिलला संध्याकाळी सगळ्यांनी गामला उप्सालाला जमायचं. १ मेला दुपारी होगादालेनमध्ये आपला कार्यक्रम करायचा. डबा प्रत्येकाने घरून आणायचा. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आपल्याकडे एरवी कुणाच्या तरी दिवाणखान्यात होतं, तेही तिथेच हिरवळीवर करता येईल. आंब्याची डाळ मी आणीन.

तुमची,
उप्सालाची वहिनी

---

प्रेषक: सोल्ना

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र घरात मोठ्याने वाचलं. कल्पना छान आहे, पण मला काही अडचणी दिसतात आणि त्या मांडायलाच हव्यात.

माझे आई-वडील सध्या इथे आले आहेत, दोघांनीही ऐंशी ओलांडली आहे. रात्री नऊला पाच-सहा अंशांत त्यांना मोकळ्या माळावर उभं कसं करू? १ मेला पाऊस आला तर? मी इथे मेमध्ये बर्फही पाहिला आहे. शिवाय मुलांनी नाच बसवला आहे. राज्यगीत म्हणायचं तर माइक-स्पीकर लागतो. गवतातल्या गोचिडींचं काय? आणि आमच्या घरात बर्चच्या परागांनी दोघांचे डोळे एप्रिलअखेर सुजलेले असतात.

हॉलमध्ये यातलं काहीच होत नाही. तिथे येणारी वयस्कर माणसं वर्षातून दोनदाच मराठी गोतावळ्यात बसतात. ती घरी राहिली तर कार्यक्रम कितीही सुंदर झाला तरी मला तो अर्धाच वाटेल.

आपला,
सोल्नाचा काका

---

प्रेषक: गोथेनबर्ग

वहिनी, काका, दोघांनाही नमस्कार!

इकडे पश्चिम किनाऱ्यावर शेकोट्या वाल्बोरीला नव्हे, ईस्टरला पेटवायची जुनी रीत आहे. त्यामुळे ३० एप्रिलला आम्ही मोकळे असतो आणि तिकडे यायला तयार आहोत.

एक भर घालते. पुढच्या वर्षी मंडळाने एप्रिलच्या सुरुवातीला हॉर्नबोरियाशॉन तलावावर सहल काढावी. गोथेनबर्गहून गाडीने दोन तासांच्या आत पोचता येतं. स्पेनकडून परतणारे क्रौंच उत्तरेला जाताना तिथे थांबतात. ऐन भरात एका वेळी वीस हजारांहून जास्त पक्षी मोजले गेले आहेत. जोड्या समोरासमोर पंख पसरून उड्या मारतात, माना झुकवतात, गवताची काडी हवेत फेकतात. आवाज तर मैलभर ऐकू जातो. पूर्वी आसपासच्या शेतांत दारूच्या भट्टीसाठी बटाटा लावत. काढणीनंतर मातीत राहिलेले बटाटे खायला हे पक्षी थांबू लागले. पुढे बटाट्याची शेती गेली, तर पक्षी पांगू नयेत म्हणून आता त्यांना धान्य टाकतात. तो तलावही एकेकाळी शेतीसाठी पाणी काढून काढून जवळजवळ संपवला होता. १९९० च्या दशकात पाण्याची पातळी पुन्हा वाढवली, म्हणून आज तिथे तलाव आहे. माणसांनी बिघडवलेली जागा माणसांनीच सुधारली, हे मला मुलांना तिथे नेऊन दाखवायचं आहे.

आणि काका, आजी-आजोबांना गाई सोडायचा दिवस जरूर दाखवा! हिवाळाभर गोठ्यात असलेल्या गाई एप्रिल-मेमध्ये पहिल्यांदा कुरणात सोडतात, तेव्हा पुष्कळ शेतकरी लोकांना बघायला बोलावतात. उन्हाळ्यात दुभत्या गाईंना चरायला बाहेर काढणं इथे कायद्यानेच बंधनकारक आहे. दार उघडल्यावर पोक्त गाई शेपट्या उभारून वासरांसारख्या उधळतात. माझे सासरे साताऱ्याकडचे, जन्म गोठ्यात गेलेला. कुंपणाला धरून बघत राहिले आणि परत यायला तयारच होईनात.

गोथेनबर्गची ताई

---

प्रेषक: उप्साला, विद्यार्थी वसतिगृह

सर्वांना नमस्कार. मी इथे पहिल्याच वर्षाला आहे, म्हणून ३० एप्रिलबद्दल लहान मुलं असलेल्यांसाठी थोडंसं लिहितो.

सकाळी फ्युरिस नदीत विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या तराफ्यांची शर्यत असते. ती १९७५ पासून चालू आहे. तराफे थर्माकोलचे असतात आणि धबधब्यावरून खाली येताना पुष्कळसे मोडतात. मुलांना फार मजा येते, पण काठावर जागा हवी तर लवकर या. दुपारी तीन वाजता कारोलिना रेदिविवा ग्रंथालयाच्या सज्जातून कुलगुरू आपली पांढरी टोपी हलवतात आणि खालचा सगळा जमाव एकदम टोप्या घालतो. तेवढं बघून मुलांना घेऊन निघा. पार्कांत दुपारपासून दारू आणि फुटक्या बाटल्या असतात. गामला उप्सालाचं वातावरण शांत, घरगुती असतं.

ता. क. मला पुरणपोळी मिळेल का? घर सोडल्यापासून खाल्लेली नाही.

---

प्रेषक: उप्साला

काका, नमस्कार. ह्या वेळी मी लिहितो, कारण व्यवस्थेचं खातं आमच्या घरी माझ्याकडे आहे.

तुमचा पहिला मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो बाजूला सारून काहीच करायचं नाही. आई-बाबांनी रात्री माळावर यायची गरज नाही. आमचं घर होगादालेनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. १ मेला ते दिवसभर उघडं राहील: बसायला खोली, चहा, शौचालय सगळं. कार्यक्रम दुपारी बारा ते तीन, म्हणजे दिवसातला त्यातल्या त्यात उबदार वेळ. ज्यांना अर्ध्या तासाने आत यायचंय त्यांनी यावं. सलग पाऊस लागला तर सगळेच घरात येऊ, दाटीवाटीने बसू.

जागेबद्दल. अलेमान्सरेत्तेन, म्हणजे निसर्गात सर्वांना मोकळेपणी फिरण्याचा हक्क, १९९४ पासून राज्यघटनेतही नमूद आहे. त्याचा सगळा आधार एवढाच की कुणाला त्रास द्यायचा नाही आणि कशाची नासधूस करायची नाही. पण पन्नासेक माणसं ठरवून एका जागी जमणार असतील तर जमीनमालकाला आधी विचारणं योग्य. कम्यूनला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, मी पत्र लिहितो. स्पीकर नको असं माझं स्पष्ट मत आहे. त्या काळात पक्षी घरटी करतात. मुलांचा नाच ढोलकी-झांजेवर होऊ दे, राज्यगीत आपण सगळे मिळून म्हणू. मला तर ते असंच जास्त आवडेल.

आग पेटवण्याचंही सांगतो. वसंतात मागच्या वर्षीचं वाळलेलं गवत चटकन पेट घेतं, म्हणून कोरड्या वर्षी आग लावायला बंदी येते. बंदी आली तर आपली चूल नाही, थंड डबे खाऊ. मोठ्या शेकोटीसाठी ढीग आयोजक शेवटच्या क्षणी नव्याने रचतात, कारण आधीपासून रचलेल्या फांद्यांत हेजहॉग (अंगावर काटे असलेले छोटे प्राणी) झोपायला शिरतात. कुणी आपल्या अंगणात पेटवणार असाल तर हे नक्की पाळा.

गोचिडींची काळजी रास्त आहे. लांब विजारी, मोजे विजारीवर, घरी आल्यावर मुलांच्या काखा, गुडघ्यामागची घडी, केसांची कड तपासायची. उप्साला-स्टॉकहोम भागात गोचिडीमुळे मेंदूला सूज आणणारा विषाणू आहे. त्यावर लस आहे. पहिल्या दोन मात्रांत एक ते तीन महिन्यांचं अंतर असतं, तेव्हा या वर्षी नाही तर पुढच्यासाठी हिवाळ्यातच सुरू करा. बोरेलिया या गोचिडीमुळेच होणाऱ्या दुसऱ्या आजारावर मात्र लस नाही, त्यामुळे तपासणी टाळू नका. परागांसाठी अँटिहिस्टामिनच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात, त्रास सुरू व्हायच्या आधीपासून घेतल्या तर जास्त उपयोग होतो.

प्रत्येकाने आणायचं: बसायची गादी (जमीन बर्फासारखी गार असते), लोकरीचा एक थर जास्तीचा, स्वतःचं ताट-वाटी, कचऱ्याची पिशवी. होगादालेनमधल्या प्राचीन दफनाच्या टेकाडाभोवती गुरं सोडलेली असतील तर फाटक आपल्यामागे लावून घ्यायचं. ते टेकाड साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे, आत सोन्याच्या वस्तू सापडल्या होत्या. मुलांना त्याची गोष्ट सांगायची जबाबदारी माझी.

आणि वसतिगृहातल्या मुला, पुरणपोळी नक्की मिळेल.

---

प्रेषक: सोल्ना

ठीक आहे. घर उघडं राहणार असेल तर माझा विरोध नाही. आई म्हणते, ती आत बसणार नाही, बाहेर खुर्ची ठेवा. दोन घडीच्या खुर्च्या आणि ढोलकी मी आणतो. ३० तारखेला मी मुलांना घेऊन गामला उप्सालाला येईन, आई-बाबा आणि ही दुसऱ्या दिवशी थेट तुमच्याकडे.

कार्यकारिणीने हॉलचं आरक्षण करू नये. पन्ह्याच्या कैऱ्या मिळतात का बघतो.