मदत हवी आहे: रविवारी दुपारी १ ते ४ मुलांना कुठे न्यावं?

येत्या रविवारी नाशिकचे मित्र पुण्यात येताहेत. आम्ही चार मोठे, तीन मुलं (वय २, ५ आणि ७). गाडी नाही, मेट्रो नाहीतर दोन रिक्षा. सकाळी शनिवारवाडा, मग केळकर संग्रहालय. संध्याकाळी पेशवे उद्यानात फुलराणी (मुलांची छोटी रेल्वे) आणि शेजारीच सारसबाग, एवढं नक्की. मागच्या वेळी कात्रजचं प्राणिसंग्रहालयही त्याच दिवशी कोंबलं, धाकटी खांद्यावरच झोपली (खांदा माझा!), म्हणून यंदा ते नाही. मॉलही नको, तो नाशकातही आहे. अडतंय ते दुपारचं. मंडई ते सारसबाग पट्ट्यात, जेवण कमी तिखट, तासभर निवांत बसू देतील आणि लंगोट बदलता येईल असं स्वच्छ स्वच्छतागृह असलेली जागा कोणती?