क्वांटम संगणकामुळे ब्लॉकचेनचा नेमका कोणता भाग धोक्यात येतो?

प्रश्न:
क्वांटम संगणक आला की ब्लॉकचेन कोसळेल, असे एकीकडे वाचायला मिळते. दुसरीकडे, एसएचए-२५६ फोडणे क्वांटम संगणकालाही जमणार नाही, तेव्हा काळजीचे कारण नाही, असेही ठामपणे सांगितले जाते. यांतले खरे कोणते मानावे? धोका नेमका कोठे आहे, हे कोणी उलगडून सांगावे, ही विनंती.

उत्तर १:
ब्लॉकचेनवर चालणाऱ्या बिटकॉइन या डिजिटल चलनाचे उदाहरण घेतले, तर त्यात दोन वेगवेगळी कुलुपे आहेत आणि ही दोन विधाने दोन वेगळ्या कुलुपांविषयी आहेत. ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचे गठ्ठे, एकमेकांना जोडण्यासाठी आणि मायनिंगसाठी, म्हणजे साखळीत नवा ब्लॉक जोडण्याच्या स्पर्धेसाठी, एसएचए-२५६ हे हॅश फलन (कोणत्याही माहितीचा ठरावीक लांबीचा ठसा काढणारे, उलट न फिरवता येणारे गणित) वापरले जाते. नाणे खर्च करण्याचा अधिकार मात्र इलिप्टिक कर्व्हच्या गणितावर आधारलेल्या डिजिटल स्वाक्षरीने सिद्ध करावा लागतो. हॅशविरुद्ध लव ग्रोव्हर यांचा १९९६ सालचा अल्गोरिदम वापरता येतो, पण तो शोधाचे काम वर्गमुळाइतकेच कमी करतो, म्हणजे २ च्या २५६ व्या घाताऐवजी १२८ व्या घाताइतके प्रयत्न उरतात आणि तेही आवाक्याबाहेरच राहतात.

स्वाक्षरीची स्थिती वेगळी आहे. ती मालकाकडेच असलेल्या खासगी किल्लीने केली जाते आणि इतरांना देता येणाऱ्या सार्वजनिक किल्लीने तपासली जाते. सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली शोधणे आजच्या संगणकांना व्यवहारात अशक्य आहे, आणि नेमके तेच गणित पीटर शॉर यांनी १९९४ मध्ये मांडलेला अल्गोरिदम पुरेशा मोठ्या क्वांटम संगणकावर सोडवू शकतो. अशा वेळी साखळीचा इतिहास शाबूत राहील, पण त्यातली नाणी खऱ्या मालकाच्या नावाने दुसराच कोणी खर्च करू शकेल.

उत्तर २:
वरील विवेचन योग्य आहे; फक्त सार्वजनिक किल्ली दिसल्याखेरीज शॉर यांच्या अल्गोरिदमचा उपयोग नाही, हे त्यात जोडावेसे वाटते. बिटकॉइनचा नेहमीचा पत्ता म्हणजे त्या किल्लीचा हॅश असल्याने, ज्या पत्त्यावरून एकदाही खर्च झालेला नाही त्याची किल्ली झाकलेली असते. परंतु सुरुवातीच्या काळातील पुष्कळ नाणी थेट किल्लीच्या नावे नोंदवलेली आहेत, एकदा खर्च केलेला पत्ता पुन्हा वापरला की तिथली नवी नाणीही उघडी पडतात, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये लागू झालेल्या टॅपरूट या बिटकॉइनच्या सुधारणेत किल्ली पुन्हा थेट साखळीवर लिहिली जाते (बाकी फायदे मान्य करूनही मला ही माघार वाटते). इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनमध्ये तर खात्यावरून पहिला व्यवहार होताच स्वाक्षरीवरून किल्ली काढता येते. एकदा साखळीवर आलेली किल्ली पुन्हा लपवता येत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग स्वाक्षरीची पद्धतच का बदलू नये? आणि त्यासाठी वेळ किती उरला आहे?

उत्तर ३:
पद्धती उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए ही स्वाक्षरीची मानके प्रसिद्ध केली. अडचण आकाराची आहे: टॅपरूटमधील श्नॉर स्वाक्षरी ६४ बाइटची असते, तर एमएल-डीएसएची सर्वांत लहान स्वाक्षरीही २,४२० बाइटची असून तिची सार्वजनिक किल्ली १,३१२ बाइटची आहे, त्यामुळे तेवढ्याच ब्लॉकमध्ये फारच कमी व्यवहार मावतील.

वेळेबाबत साल सांगण्याचे धाडस मी करणार नाही. २०१७ मधील एका अभ्यासाने २५६ बिटांच्या इलिप्टिक कर्व्हसाठी सुमारे २,३३० तार्किक (म्हणजे त्रुटी दुरुस्त केलेले, भरवशाचे) क्युबिट, अर्थात क्वांटम संगणकातील माहितीची एकके, लागतील असा हिशेब मांडला होता, आणि त्रुटी दुरुस्त करत एकेक तार्किक क्युबिट उभा करायला बरेच भौतिक, म्हणजे चिपवरचे प्रत्यक्ष, क्युबिट खर्ची पडतात. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या विलो चिपमध्ये भौतिक क्युबिटच १०५ होते.

माझ्या मते खरा पेच मात्र ज्या नाण्यांचे मालक हयात नाहीत किंवा ज्यांच्या खासगी किल्ल्या हरवल्या आहेत, त्यांचा आहे. ती नव्या पत्त्यावर कोणीच हलवू शकणार नाही. म्हणजे एक तर नियम बदलून ती गोठवावी लागतील, नाहीतर ज्याच्या हाती पहिला समर्थ क्वांटम संगणक येईल त्याला ती मिळतील. मला गोठवणे कमी वाईट वाटते, परंतु तसे करायचे तर हयात मालकांना नाणी हलवण्यासाठी काही वर्षांची मुदत आधी जाहीर करावी लागेल, आणि त्या मुदतीवर एकमत घडवायलाच बहुधा सर्वाधिक वेळ जाईल.