ज्येष्ठ आदिवासी कलावंताचा जीवनगौरव: नामांकन, मानधन आणि सोहळा

रानवाटा: जव्हार-मोखाड्याकडच्या ऐंशीच्या पुढच्या एका तारपावादकांचा (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) गौरव करायचं आमच्या मंडळाच्या मनात आहे. शाल, श्रीफळ, ट्रॉफी एवढ्यावर भागवायचं नाही. पद्म पुरस्कारासाठी नाव कसं सुचवायचं? सरकारी मानधन मिळू शकेल का? आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात काय सांभाळावं?

काजवा: पद्मचं नामांकन ऑनलाइनच होतं, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर. कोणीही नागरिक करू शकतो. मुदत दरवर्षी वेगळी असते, ती आधी बघा. प्रस्तावात कामाची माहिती जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायची असते, आणि घोळ नेमका तिथेच होतो. 'तारपासम्राट', 'अखंड साधना' असल्या विशेषणांतच निम्मे शब्द खर्च होतात. त्याऐवजी लिहा: कोणाकडून शिकले, कोणत्या चाली वाजवतात, तारपा स्वतः बनवतात का (वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सांध्यांना मेण), किती जणांना शिकवलं आणि त्यातले आज किती वाजवतात. हा शेवटचा आकडा सगळ्यात वजनदार.

'पुढच्या वर्षी बघू' मात्र नको. पद्म सहसा मरणोत्तर देत नाहीत. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार १९७६ मध्ये मिळाला, पद्मश्री २०११ मध्ये; एवढी वाट बघायला सगळ्यांच्या हातात वर्षं नसतात. आणखी एक, पद्मबरोबर रोख रक्कम मिळत नाही आणि तो किताब नाही, म्हणून नावाआधी किंवा नंतर लावता येत नाही. पत्रिका छापणारे हमखास चुकतात.

टाचणी: मानधनाचं सांगतो. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना: वय ५० च्या पुढे, कलेत किमान १५ वर्षांचं काम, वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत. २०२४ पासून महिना सरसकट ५,००० रुपये. माझ्या मते पद्मच्या आधी हा अर्ज भरा, कारण औषधपाणी यातून निघतं.

अडतं कलेवर नाही, कागदांवर. आधार, पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला या तिन्हींवर नाव तीन तऱ्हेचं असतं, ते आधी जुळवून घ्या. खातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजुरी होऊनही पैसे येत नाहीत. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला वेळेत द्यायचा. तो राहिला की मानधन थांबतं, आणि घरच्यांना वाटतं योजनाच बंद पडली.

रानवाटा: त्यांच्याकडे प्रमाणपत्र एकही नाही. आयुष्यभर गावातच वाजवलं.

टाचणी: मग पुरावा आजपासून गोळा करा. ग्रामपंचायतीचा ठराव, शिकलेल्या लोकांची सहीनिशी पत्रं, तारीख-ठिकाण सांगून सुरू केलेलं चित्रीकरण. फोटोमागे तारीख आणि प्रसंग लिहा, नाहीतर तो नुसता फोटो.

नाचणी: सोहळ्याबद्दल. तारपा एरवी नवं धान्य आल्यावर वाजतो. भर उन्हाळ्यात 'जरा दहा मिनिटं वाजवून दाखवा' म्हणू नका. कधी वाजवायचं ते त्यांना आणि गावाला विचारूनच तारीख धरा. स्टेज तर नकोच. नाचणारे वादकाभोवती फेर धरतात, स्टेजवर तो फेर मोडतो आणि अर्धे लोक प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहतात. मोकळं मैदान घ्या. वादक चालत-वळत वाजवतो, त्यामुळे उभ्या माइकवर आवाज येतो-जातो. कर्ण्याजवळ छोटा बिनतारी माइक लावा. श्वास न तोडता वाजवतात, तेव्हा निवेदकाने मध्ये तोंड घालू नये!

कार्यक्रमाचं मानधन त्याच दिवशी द्या. सोबत येणाऱ्या माणसाचं भाडं आणि जेवणखाण वेगळं धरा. रेकॉर्डिंगची एक प्रत घरच्यांना पेन ड्राइव्हवर द्या, आणि ते कुठे दाखवणार ते आधी सांगून संमती घ्या. धवलेरींना (वारल्यांच्या लग्नात विधीची गाणी गाणाऱ्या स्त्रियांना) बोलावणार असाल तर लग्नातली गाणी मंचावर गायचा आग्रह धरू नका. स्मरणिकेवर कोणाचं वारली चित्र छापणार असाल तर लेखी परवानगी आणि मोबदला ठरवूनच. चित्र विकत घेतलं म्हणजे छापायचा हक्क मिळत नाही. तो चित्रकाराकडे राहतो, आणि त्याच्यामागे ६० वर्षं वारसांकडे.