मदत हवी आहे: मावशीसाठी कोर्टात 'चांगली बाई' म्हणून साक्ष देऊ का?

हळदीचं_पान

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, पाककृतींच्या धाग्यांवर कधीतरी दोन ओळी लिहिते. आज वेगळ्याच कामासाठी आले आहे. गाव, नाती आणि काही तपशील मुद्दाम बदलले आहेत, कारण यात एक लहान मुलगी आहे. कृपया कोणी अंदाज बांधू नका.

मी फोंड्याला राहते, वय ४१. मी सहा वर्षांची असताना आई आजारी पडली आणि दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती दोन वर्षं मला मावशीने सांभाळलं, डिचोली तालुक्यात. त्या काळात मी रोज रात्री अंथरूण ओलं करायचे. सहा-सात वर्षांची घोडी! पण मावशीने चारचौघांत कधी शब्द काढला नाही. पहाटे उठून गोधडी धुवायची आणि विहिरीच्या मागच्या बाजूला वाळत घालायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून. माझ्या लग्नात आईपेक्षा तीच जास्त रडली.

चारेक वर्षांपूर्वी तिच्याकडे एक मुलगी आली. सीमेपलीकडच्या गावातली, तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. घरची अगदी गरिबी. "शाळेत घालू, पोटभर जेवेल, मला हाताखाली होईल," असं मावशीने सांगितलं आणि आम्हा सगळ्यांना ते चांगलंच वाटलं. शाळेचं काय झालं, हे नंतर कोणी विचारलं नाही. मीही नाही. मावशी तिला नुसतं 'चेडू', म्हणजे पोरगी, म्हणायची. तिचं खरं नाव मला पहिल्यांदा कळलं ते पोलिसांच्या कागदावर.

दोन वर्षांपूर्वीची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. माटोळी बांधून झाली होती, बाहेर मुलं घुमट बडवत होती, आत आम्ही बायका नेवऱ्या करत होतो. ती आदोळीवर बसून नारळ खोवत होती. बाही वर सरकली तेव्हा कोपराच्या वर एक डाग दिसला. मी विचारलं, तर तिच्याआधी मावशीच म्हणाली, "नेवऱ्या तळताना तेल उडलं." मी म्हटलं, बर्नॉल लाव गं. झालं. पुन्हा पिठाच्या पाऱ्या लाटायला लागले.

उडालेल्या तेलाचे ठिपके पडतात. तो डाग सरळ होता, बोटभर रुंद, दोन्ही कडा रेघ मारल्यासारख्या. उलथण्याची कड असते तसा. हे मला त्या क्षणी दिसलं होतं की नंतर कळलं, याचं उत्तर मी रोज रात्री स्वतःला वेगवेगळं देते.

गेल्या वर्षी कोणीतरी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. गावात पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचं, नाव घेतात. सकाळी पोई घ्यायला ती दारात यायची, त्याने तिचा तळहात बघितला म्हणे. खरं काय ते देव जाणे. पण चवथीला त्या घरात आम्ही सोळा नातेवाईक पाच दिवस जेवलो, आणि फोन करणारा परका निघाला.

मुलगी आता बाल कल्याण समितीच्या देखरेखीखाली आहे. मावशी जामिनावर घरी. मावसभावाने, म्हणजे दादाने, मला कागद दाखवले. तीन-चार जुने डाग, एक नवा. कशासाठी, तर मुलगी अंथरूण ओलं करते म्हणून.

हे वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन बसले.

आता दादाचं म्हणणं असं, की वकिलांना घरातली दोन-तीन माणसं हवी आहेत, मावशी किती मायाळू आहे हे सांगायला. "बाय, तुला तिनं वाढवलं. तू बोललीस तर वजन पडेल. एवढं सांभाळून घे." सोबत मावशीने मिस्कूटची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, बरणी पाठवली आहे, मला आवडतं म्हणून. ती अजून तशीच ओट्यावर आहे.

मला विचारायचं ते हे: साक्ष द्यावी का? मी जे सांगेन त्यातला शब्दन् शब्द खरा असेल. तो डाग पाहिला होता हे आता कुणाला सांगून उपयोग आहे का? आणि तिसरं नीट मांडता येत नाही. लहान मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींबद्दल मत बनवायला मला एक मिनिटही लागलं नव्हतं. २००१ मध्ये फाशी सुनावली गेली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २०२२ मध्ये दयेच्या अर्जाला उशीर झाला म्हणून हायकोर्टाने त्याची जन्मठेप केली, तेव्हा मी चिडून घरात भांडले होते. त्या माझ्या कोणी नव्हत्या. मावशीबद्दल मात्र आठ महिने झाले, मन एका जागी थांबत नाही. गोधडी धुणारे हात आणि उलथणं धरणारे हात एकाच बाईचे, हे मी कसं समजून घेऊ?

कुळागरवाला

ताई, राग मानू नका, पण यात विचारण्यासारखं आहे काय? मुलीला चटके दिले. साक्ष द्यायचीच तर मुलीच्या बाजूने द्या. बाकी तत्त्वज्ञान नंतर.

आजोबा_पेडणे

मी ७४ वर्षांचा आहे. आमच्या वेळी कावीळ झाली तरी डाग द्यायचे, मास्तर ओल्या निगडीच्या फोकाने मारायचे. कुणी कोर्टात गेलं नाही. आता गोव्यात शेजाऱ्याच्या पोराला थप्पड मारली तरी बाल न्यायालय. म्हातारी बाई, एकटी राहते, चुकली असेल. तुरुंगात टाकून काय साधणार? कुटुंबाने समज द्यावी.

हळदीचं_पान

आजोबा, तुमचा मान राखून सांगते. काविळीचा डाग देणाऱ्याला वाटायचं की पोर बरं होईल. चुकीचंच होतं ते, पण पोरासाठी होतं. आणि समज द्यायला जे कुटुंब हवं, ते तेव्हा नेवऱ्या लाटत होतं.

अ‍ॅड_म्हापसा

कागद न बघता बोलतोय, त्यामुळे तेवढ्यापुरतंच धरा.

आधी आजोबांचा मुद्दा, कारण त्यात तथ्य आहे. गोवा बाल कायदा २००३ चा, त्यासाठी पणजीत वेगळं बाल न्यायालय आहे, आणि किरकोळ भांडणांतही तो कायदा लावला जातो ही तक्रार जुनी आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्याच एका खटल्यात सांगितलं, की भांडणाच्या भरात दप्तराचा एक फटका बसला म्हणून तो या कायद्याखालचा छळ ठरत नाही. तिथे एक फटका होता. इथे तापवलेलं उलथणं, तेही पुन्हा पुन्हा, आणि ताब्यात असलेलं मूल. शिवाय २०१५ चा बाल न्याय कायदा आहेच. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच क्रूरपणा केला, तर कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, आणि इजेमुळे मूल अपंग झालं किंवा त्याच्या मनावर तसाच परिणाम झाला तर दहापर्यंत. मुलांना कामाला जुंपण्याचं कलम ७९ वेगळं.

आता साक्ष. आरोपीचं चारित्र्य चांगलं आहे हे फौजदारी खटल्यात सांगता येतं. पण बचाव पक्षाने चांगुलपणाचा पुरावा आणला की सरकारी पक्षाला उलट पुरावा आणायची मुभा मिळते. हे वकील घरच्यांना सहसा आधी सांगत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमची उलटतपासणी होईल. "त्या घरी तुमचं जाणंयेणं होतं? चवथीला होतात? मुलीच्या अंगावर काही दिसलं?" शपथेवर काय उत्तर देणार? दिसलं म्हणालात तर दादा तोंडघशी, नाही म्हणालात तर तुम्ही खोट्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: उपयोग आहे. तपास अधिकाऱ्याकडे जाऊन जबाब देता येतो. आरोपपत्र गेलं असेल तरी पुढचा तपास कायद्याने बंद होत नाही. सरकारी वकिलांनाही भेटता येईल. जाताना स्वतःचा वकील सोबत घ्या. त्या मुलीला परस्पर भेटायला किंवा खाऊ पाठवायला मात्र जाऊ नका, साक्षीदारावर दबाव आणला असा अर्थ निघतो.

फातोर्डेकर

तुमचा तिसरा प्रश्न मडगावने मोठ्या प्रमाणावर भोगला आहे. फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणासाठी पकडला गेला तेव्हा मी कॉलेजात होतो. अनाथ मुलांचं घर चालवणारा परोपकारी माणूस अशी त्याची ख्याती. १९९६ मध्ये जन्मठेप झाली, तुरुंगातच मेला. त्या वेळी आमच्या आळीत लोक काय म्हणत होते सांगू? "पण तो तर मुलांना जेवू घालायचा." घालतच होता. त्या जेवणाच्या जोरावरच तर पुढचं सगळं चाललं होतं. तुमच्या मावशीला त्या रांगेत बसवत नाही, ते प्रकरण फार वेगळं आणि फार भयंकर. फक्त 'जेवू घालत होती' हे उत्तर मी तेव्हापासून पुरेसं मानत नाही.

शमा_बांबोळी

मी मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते. एक प्रश्न विचारू? मावशीला नातवंडं आहेत का? त्यांना कधी मारलंय तिने?

हळदीचं_पान

आहेत, तीन. मे महिन्यात येतात आणि घर डोक्यावर घेतात. धाकट्याने गेल्या खेपेला तिची समई पाडून मोडली. ती हसली. बोटसुद्धा लावलं नाही. कधीच नाही.

माझ्या मनात तिच्या बाजूचंही खूप येतं, ते लिहून टाकते. १६ व्या वर्षी लग्न, सासूने पेटतं कोलीत मांडीला लावल्याची खूण मी स्वतः पाहिली आहे. ३८ व्या वर्षी नवरा गेला. एक मुलगा बोटीवर, दुसऱ्याचा संसार म्हापशाला. एवढं मोठं घर, गुडघे गेलेले, पावसात चार-चार दिवस माणूस दिसत नाही.

शमा_बांबोळी

हे सगळं खरं आहे आणि कामाचंही आहे. पण तुमच्या पहिल्या परिच्छेदातच उत्तर आहे, बघा. राग अनावर झाला असता तर समईच्या वेळीही झाला असता. बरोबर कुणावर निघायचं ते त्या रागाला ठाऊक होतं. जिचे आईबाप विचारायला येणार नाहीत, जिला नावानेही कोणी हाक मारत नाही, तिच्यावर. तुम्ही ओलं केलेलं अंथरूण बहिणीच्या लेकीचं होतं. हिने केलेलं 'चेडू'चं होतं. मावशीमध्ये दोन बायका नाहीत हो. माया कुणावर करायची याची तिची एक कुंपणरेघ आहे, आणि ती मुलगी रेघेच्या बाहेर होती. बऱ्याच घरांत असते तशी रेघ. तिच्या पलीकडे सगळेच उलथणं तापवत नाहीत, एवढाच फरक. पण तो फरक लहान नाही.

सासूने छळलं म्हणून तिने छळलं, हे अर्धंच धरा. कॅथी विडम नावाच्या अमेरिकन संशोधिकेने लहानपणी छळ झालेल्या मुलांचा पुढे कित्येक वर्षं माग काढला, १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांच्यात गुन्ह्यांचं प्रमाण जास्त निघालं, पण बहुसंख्य त्या वाटेला गेले नाहीत. कोलिताचा चटका काय असतो हे मावशीला आपल्या सगळ्यांपेक्षा नीट माहीत होतं.

आणि हे क्रौर्य दुर्मीळ आहे असं समजू नका. २००७ मध्ये केंद्र सरकारने १३ राज्यांत पाहणी केली होती, तीत दर तीनमधल्या दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं, घरात मारणारे बहुतेक आईवडीलच. राक्षस शोधायला निघालात तर तुम्हाला मावशी सापडणार नाही. तो डाग तुम्हाला दिसूनही दिसला नाही, तो यामुळेच.

दादा म्हणतो सांभाळून घे. तुम्ही म्हणता समजून घ्यायचंय. ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं करायला तुम्ही तिच्याकडे जाऊ शकता, निकाल काहीही लागो, अगदी कोलवाळच्या तुरुंगातही. पण तेव्हा तिला विचारायला हवं, माझी गोधडी का धुतलीस म्हणून नाही, हिची का धुतली नाहीस म्हणून. स्वतःला झोप लागत नसेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलतात.

आजोबा_पेडणे

बाय, मी वरचं लिहिलं ते घाईत लिहिलं. आमच्या घरीही अशी एक मुलगी होती, माझ्या लहानपणी. तिचं नाव आठवायचा सकाळपासून प्रयत्न करतोय.

हळदीचं_पान

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, तुमची उलटतपासणी वाचून हातपाय गार पडले, कारण ती मी मनातल्या मनात आठ महिने देतेच आहे आणि दर वेळी नापास होते.

साक्षीला नाही म्हणणार आहे. डागाचं सांगणार आहे. सरळ होता, बोटभर रुंद, कोपराच्या वर, मी पाहिला आणि पुढे काही विचारलं नाही, एवढंच. मावशीची माया मला कुणी विचारली तर तीही सांगेन, ती खोटी नव्हती. ओळखीच्या एका वकीलबाईंशी बोलणं झालं आहे, त्या सोबत येतील. सोमवारची रजा टाकली आहे. दादाला अजून सांगितलेलं नाही.

शमाताई, मावशीला भेटायला जाईन की नाही, माहीत नाही. गेले तर तुमचा प्रश्न विचारण्याइतकी हिंमत होईल का, तेही नाही. कदाचित ती म्हणेल, "तू आमची गो." मला त्याचीच भीती वाटते.