फिफोमध्ये (आधी आलेला माल आधी पूर्ण होतो असं धरायच्या पद्धतीत) प्रति लिटर खर्च काढताना कितीने भागायचं?

इंटर_कॉस्टिंग:
संत्रा स्क्वॅशच्या प्रोसेसचं गणित आहे. ओपनिंग (महिन्याच्या सुरुवातीचा) ४०० लिटर अपूर्ण माल: मटेरियल १०० टक्के, कन्व्हर्जन (मजुरी आणि कारखाना खर्च) ४० टक्के, किंमत २२,२४० रुपये. महिन्यात ३,६०० लिटर नवीन घेतले. क्लोजिंग (महिनाअखेरचा अपूर्ण माल) ६०० लिटर: मटेरियल १०० टक्के, कन्व्हर्जन ५० टक्के. चालू खर्च मटेरियल १,८०,००० आणि कन्व्हर्जन ७०,८००. मटेरियल ४,००० ने आणि कन्व्हर्जन ३,७०० ने भागलं तर एकूण बेरीज जुळत नाही. का?

महाल_हिशेब:
भाऊ, हे दोन्ही भाजक वेटेड ॲव्हरेजचे आहेत. तिथे ओपनिंगचा जुना खर्चही अंशात मिळवतात. फिफोत अंशात फक्त चालू महिन्याचा खर्च असतो, म्हणून भाजकातही फक्त चालू महिन्याचं काम यायला हवं.

आधी लिटर जुळवा. पूर्ण झाले ४०० + ३,६०० − ६०० = ३,४००. त्यातले ४०० जुने, म्हणजे याच महिन्यात सुरू होऊन संपलेले ३,०००.
मटेरियल: ० + ३,००० + ६०० = ३,६००. दर ५० रुपये.
कन्व्हर्जन: २४० + ३,००० + ३०० = ३,५४०. दर २० रुपये.

२४० म्हणजे ४०० चे उरलेले ६० टक्के. चुकून इथेच ४० टक्के धरून १६० लिहिलं जातं आणि पुढचं सगळं बिघडतं.

पुढे पाठवलेला माल: २२,२४० + (२४० × २०) + (३,००० × ७०) = २,३७,०४०. क्लोजिंग: ३०,००० + ६,००० = ३६,०००. बेरीज २,७३,०४०, ओपनिंग आणि चालू खर्च मिळूनही तेवढेच.

बुटीबोरी_कॉस्ट:
वरचं बरोबर आहे. फक्त साखर वेगळ्या टप्प्यावर पडत असेल तर तिचा रकाना वेगळा करा. समजा ती ७० टक्क्यांवर पडते. मग ओपनिंगच्या ४०० लिटरला ती याच महिन्यात मिळाली, क्लोजिंगच्या ६०० ला अजून नाही. साखरेची ईक्विव्हॅलंट युनिट्स (चालू महिन्याचं काम पूर्ण लिटरमध्ये मोजून येणारा भाजक) ३,४००.

नॉर्मल लॉस (प्रक्रियेत अपेक्षित असलेली घट) असेल तर त्याला युनिट्स देऊ नका, त्याची विक्री किंमत मटेरियलमधून वजा करा. ॲबनॉर्मल लॉसला (अपेक्षेपेक्षा जास्त घटीला) मात्र त्याच्या पूर्णतेप्रमाणे युनिट्स द्यावीच लागतात.

कळमना_दर:
आंबिया बहाराची फळं संपून मृगाची सुरू होतात तेव्हा संत्र्याचा भाव बदलतो. ॲव्हरेज जुना-नवा भाव मिसळून टाकतं. चालू महिन्याची खरेदी कितीला पडली हे फिफोच्या दरातच दिसतं, म्हणून अशा कारखान्यात मी फिफोच धरायला सांगेन.